कानाला बसलेले दडे

नोंदणीच्या खिडकीपाशी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ उजव्या हाताने अर्ज भरत होते आणि त्याच वेळी मान वाकडी करून, फोन उजव्या खांद्यावर दाबून कोणाशी तरी बोलत होते. उजव्या हाताने लिहिणारा माणूस लिहिताना फोन सहसा डाव्या हातात घेऊन डाव्या कानाला लावतो. श्रवणतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काम केल्यावर अशा गोष्टी नजरेतून सुटत नाहीत. त्यांचे बोलणे संपल्यावर मी विचारले, ‘‘डाव्या कानाने ऐकू येत नाही का तुम्हाला?’’

‘‘दडे बसलेत, मॅडम. सर्दीने असेल, नाहीतर मळ. चार दिवस झाले.’’

कान साफ करण्यासाठी त्यांना पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली होती आणि ती घेऊन ते निघण्याच्या बेतात होते. मी त्यांना बाकावर बसवले. रात्री झोपताना कान ठीक होता, सकाळी उठले तेव्हा तो बंद होता आणि आत शिटीसारखा आवाज सुरू झाला होता, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मळ सैल करणारे थेंब घातले होते, वाफ घेतली होती आणि कापसाची काडीही फिरवून पाहिली होती. सर्दी मात्र त्यांना मुळीच नव्हती.

मी त्यांना तोंड मिटून ‘हं’ असा लांब सूर काढायला सांगितला आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते विचारले. आपण स्वतःचा कान बोटाने बंद करून असा सूर काढला, तर तो बंद केलेल्या कानातच मोठा घुमतो. मळाने किंवा सर्दीने दडे बसले असतील तरीही तसेच होते. त्यांनी उजव्या, म्हणजे चांगल्या कानाकडे बोट दाखवले. खात्री करण्यासाठी मी ५१२ हर्ट्झचा नादकाटा कोपरावर आपटून त्यांच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज पुन्हा उजवीकडेच गेला. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा डाव्या कानाची नळी स्वच्छ होती आणि पडदा मोत्यासारखा चकचकीत दिसत होता. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, कारण बिघाड पडद्याच्या पलीकडे, आतल्या कानात होता आणि चार दिवस हातचे गेले होते.

आवाजबंद खोलीत त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाला किती ऐकू येते याची मोजणी केली. अशा वेळी चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडावी लागते, नाहीतर डाव्या कानात दिलेला मोठा आवाज कवटीतून पलीकडे पोहोचतो आणि उजवा कानच डाव्याच्या नावाने उत्तर देतो. या मोजणीच्या आलेखात खूण जितकी खाली, तितके ऐकू कमी येते. आलेख पुरा झाला तेव्हा डाव्या कानाच्या निळ्या फुल्या ५५ डेसिबलपासून सुरू होऊन ४००० हर्ट्झला ७५ डेसिबलपर्यंत उतरल्या होत्या. एकापाठोपाठच्या तीन कंप्रतांवर (हर्ट्झमध्ये मोजलेल्या सुराच्या पट्ट्यांवर) ७२ तासांच्या आत ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट झाली, तर त्याला अचानक आलेला संवेदी बहिरेपणा म्हणतात. बहुतेक रुग्णांत त्याचे कारण सापडत नाही. काहींचा कान आपोआप सुधारतो, आणि त्यामुळेच ‘आठ दिवस वाट पाहा’ हा सल्ला इतका पसरला आहे. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. कोणाचा कान सुधारेल आणि कोणाचा नाही हे आधी कळत नाही, आणि स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होण्याची शक्यता असते.

कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन आलेख दाखवला. त्यांनी रक्तातील साखर तपासून त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केले आणि श्रवणचेतेवर, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगितला. तो पुढे निर्दोष आला.

पण त्या आलेखातील आणखी एक गोष्ट मला खटकत होती. उजव्या, ‘चांगल्या’ कानाचे लाल गोल २००० हर्ट्झपर्यंत वरच्या बाजूला होते, ४००० हर्ट्झला मात्र ४५ डेसिबलपर्यंत खाली येऊन ८००० हर्ट्झला पुन्हा वर चढले होते. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या आलेखात हा खळगा हमखास दिसतो. विचारल्यावर कळले, की ते वीस वर्षे यंत्रांच्या आवाजात उभे राहून काम करत होते आणि सहकाऱ्यांचे बोलणे ऐकू यावे म्हणून कानातले बोळे अधूनमधून काढून ठेवत असत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांची मर्यादा मानली जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, त्यामुळे ९४ डेसिबलच्या यंत्रापाशी एकच तास उरतो. दिवसभर बोळे घालून एवढ्याच वेळापुरते ते काढले, तरी सारे संरक्षण वाया गेल्यासारखे असते. आतल्या कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात, आणि माणसात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. हे सांगताना मी आलेखावरचा खळगा त्यांच्या बोटाखाली ठेवला. ‘‘पण या कानाने तर मला सगळं ऐकू येतं,’’ असे ते म्हणाले. स्वरांचा बराचसा भाग खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे कोणी बोलत आहे हे कळतेच. स, श, फ यांसारखी व्यंजने मात्र वरच्या पट्टीत असतात आणि आधी तीच निसटतात. गर्दीत बोलणे कळत नाही का, असे विचारले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, की बायको दोन वर्षे तेच सांगत आहे.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. डाव्या कानाच्या खालच्या पट्ट्या २५ डेसिबलपर्यंत परत आल्या होत्या. ४००० हर्ट्झ मात्र ६० डेसिबलवरच अडले होते, आणि शिटीही थांबलेली नव्हती, फक्त दिवसा ती विसरता येत होती. ते चार दिवस वाचले असते तर तेवढाही भाग परत आला असता का, असे त्यांनी मला विचारले. खात्रीने सांगता येत नाही, असे मी म्हणाले आणि ते खरेच होते. त्यांनी डाव्या कानासाठी श्रवणयंत्र लावून पाहायची तयारी दाखवली. नोंदणीच्या खिडकीवर आम्ही आता कानाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारतो, ‘कधीपासून, आणि एकाएकी का?’ ‘एकाएकी’ असे उत्तर आले, की त्या माणसाला तारीख न देता थेट माझ्या खोलीत पाठवतात.