मंगळसूत्र, सातबारा आणि शेड्यूल सी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इथे न्यू जर्सीत आपल्या ओळखीतल्या बायका फोनवर हळू आवाजात हमखास विचारतात, "दिवाळखोरीच्या चॅप्टर 13 मध्ये काही जप्त होत नाही ना? मग फॉर्मात मंगळसूत्रापर्यंत सगळं कशाला लिहायचं?"

आम्ही 2025 च्या उन्हाळ्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. नवऱ्याची नोकरी गेली होती, घराचे हप्ते थकले होते. चॅप्टर 13 मध्ये 3 ते 5 वर्षं हप्ते भरायचे आणि वस्तू आपल्याकडेच राहतात, हे खरं. पण तुमचं सगळं विकलं असतं तर क्रेडिट कार्डवाल्यांना जेवढं मिळालं असतं, निदान तेवढं हप्त्यांतून द्यावंच लागतं. शेड्यूल सी, म्हणजे कोणत्या मालमत्तेला सूट हवी ते लिहायचा अर्जातला फॉर्म. त्यात सूट मागितलेली रक्कम त्या हिशोबातून वगळतात. मागितली नाही, तर तीच रक्कम हप्त्यात येऊन बसते.

मी एका सराफाकडून मंगळसूत्र आणि पाटल्या तोलून आणल्या. पाच तोळे, साधारण 5,000 डॉलर. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यातल्या, सवलतींच्या यादीत दागिन्यांना माणशी 2,125 डॉलरचीच सूट. उरलेले 2,875 पाहून माझ्या पोटात गोळा आला. वकीलबाईंनी वाइल्डकार्ड दाखवलं. ही सूट कशालाही लावता येते: 1,675 डॉलर, शिवाय राहत्या घरासाठी जी वेगळी सवलत असते, तिच्यातले न वापरलेले 15,800 पर्यंत. आमच्या घरात आमचा पैसा थोडाच अडकला होता, म्हणून माझ्या वाट्याला पूर्ण 17,475 आले.

त्यांची गरज लगेच लागली. वडिलांच्या मागे सांगलीकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझंही नाव लागलंय. मी तिथली काकडीसुद्धा कधी विकलेली नाही, पण कायदा मालमत्ता कुठे आहे ते बघत नाही. जगात कुठेही असो, ती लिहायचीच. माझा हिस्सा 14,000 डॉलरचा निघाला. तो आणि उरलेलं सोनं मिळून 16,875. बसलं!

दादा मायेनेच म्हणाला होता, "आधी हक्कसोड करून टाक, नंतर परत नावावर करू." हे मात्र कृपा करून करू नका. अर्जाआधीच्या 2 वर्षांत दिलेली मालमत्ता फॉर्मात सांगावीच लागते, आणि मोबदला न घेता दिली असेल तर ट्रस्टी, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण पाहणारा अधिकारी, तो व्यवहार उलटवू शकतो. लपवाल तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं. त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. जे उघडपणे लिहून वाचवता आलं असतं, ते लपवल्यामुळे गेलं तर जन्मभर हळहळ लागते.

ट्रस्टीसमोरच्या बैठकीत मला विचारलं, "भारतात काही आहे?" मी म्हटलं, "आहे, लिहिलंय." पुढचा प्रश्न लगेच नवऱ्याच्या पगाराचा. बैठक संपल्यावर सवलतींवर हरकत घ्यायला 30 दिवस असतात. मी कॅलेंडरवर रोज एक खूण करत होते. कुणीही हरकत घेतली नाही.

आणि सासूबाईंचं सोनं तुमच्या लॉकरमध्ये असेल, तर तेही सांगा. दुसऱ्याच्या आपल्याजवळ ठेवलेल्या वस्तूंसाठी आर्थिक व्यवहारांच्या फॉर्मात वेगळी जागा आहे.