सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी घोडी घेताना

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की निम्मी माणसं घोडेबाजाराकडे वळतात. यंदा मीही वळलो, पण पैसे खिशात घालून. मला सगळ्या कामाची घोडी हवी होती. रोज रपेट व्हावी, गावात लग्न असेल तर नवरदेव बसावा आणि पुढे चांगलं शिंगरू मिळावं. म्हणून मारवाडीच घ्यायचं ठरवलं होतं.

अडचण अशी की बाजारात आत वळलेल्या कानाचं प्रत्येक जनावर ‘मारवाडी’ म्हणूनच उभं असतं. सोबत आमच्या गल्लीतले नाना होते. त्यांचं आयुष्य घोड्यांत गेलेलं. पहिल्याच दावणीशी ते म्हणाले, “नुसता कान दखीसन घोडी लेऊ नको, भाऊ.” खरंच होतं ते. काठियावाडीचेही कान टोकाला टोक भिडवणारे, किंबहुना जास्तच वळलेले. पण तिची चण लहान आणि चेहरा कपाळाखाली किंचित खोलगट. सिंधीचं नाक बाहेर फुगीर. नुकरा तर लांबूनच कळतो, पांढरा रंग आणि गुलाबी कातडी. (हळदीघाटीचा चेतक मारवाडी की काठियावाडी, यावर तिथे दोन राजस्थानी व्यापाऱ्यांची चांगलीच जुंपली होती. आम्ही चहा पिऊन पुढे सरकलो.)

मारवाडीची ओळख तिच्या मुलखातून पटते. जोधपूरकडच्या राठोडांनी बाराव्या शतकापासून हे घोडे लढाईसाठी वाढवले, तेही वाळवंटात. म्हणून पाय लांब आणि खांदा इतर जातींपेक्षा उभा. वाळूत रुतलेला पाय सरळ वर उचलता येतो. त्यात थोडा वेग जातो, पण माझ्या कामाला तेच बरं. खूर इतके टणक की तिकडे नाल क्वचितच मारतात. विसाव्या शतकात ही जात पार खालावली होती. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह आणि पुढे त्यांचे नातू गजसिंह यांनी ती सावरली, नाहीतर सारंगखेड्याला आज हे कान दिसले नसते.

शेवटी एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळ-शेपटीची घोडी पसंत पडली. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. त्यामुळे मालकाचा भाव आभाळाला टेकलेला. उंची त्याने बासष्ट इंच सांगितली. नानांनी खांद्याच्या उंचवट्यापाशी काठी लावली तर साठच भरली. साठ म्हणजे पंधरा हात (घोड्याच्या मापात एक हात चार इंचांचा), मारवाडीला पुरेशी. मग ओठ वर करून दात पाहिले. समोरचे कायमचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने येतात. हिची शेवटची जोडी नुकतीच वर आलेली, म्हणजे पाचाच्या आतबाहेर. भोवरे नानांनी सगळे तपासले. डोळ्याखालचा भोवरा अशुभ, मानेवरचा देवमन शुभ. माझा त्यावर फारसा विश्वास नाही, पण उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक तेच बघणार.

खरी परीक्षा चालीची. मालक रिंगणात नाचवून दाखवत होता. आम्ही म्हटलं, नाच राहू दे, रवाल चाल दाखव. मोकळ्या रस्त्यावर काढल्यावर ती अशी सलग, न हिंदकळता गेली की नानांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

भाव ठरायला संध्याकाळ झाली. एक गोष्ट मी आधीच बजावली होती: ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. हा रोग माणसालाही होतो आणि घरी लहान पोरं आहेत. दाखल्यावरचं वर्णन, रंग आणि खुणा घोडीशी जुळवून मगच बाकीची रक्कम दिली.

आता घोडी घरी रुळली आहे. कडबा, भिजवलेले हरभरे आणि रोजचा खरारा. डांबरी रस्त्यासाठी नाल मात्र मारून घेतले. तिला नोंदणी झालेल्या मारवाडी घोड्याकडूनच भरवायचं आहे. गाभणकाळ अकरा महिन्यांचा, त्यामुळे घाई नाही. धुळे-नंदुरबारकडे कुणाच्या पागेत कागदपत्रांसह घोडा असेल तर जरूर कळवा, भाव नाना ठरवतील.