तुम्ही विचारलंत म्हणून: पीएचडी असून मशीनवर का?

मी विद्यापीठाच्या सेंट्रल फॅसिलिटीत, म्हणजे सगळ्या विभागांच्या सामायिक प्रयोगशाळेत, कॉन्फोकल चालवते. कॉन्फोकल म्हणजे लेझरने नमुन्याचे बारीक थर टिपणारा सूक्ष्मदर्शक. गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न मला जवळपास सगळ्यांनी विचारून झाला आहे. नणंदेने, बँकेतल्या बाईंनी, दरवर्षी नव्याने येणाऱ्या एमएस्सीच्या मुलांनी. मागच्या महिन्यात सांगोल्याच्या एका विद्यार्थिनीचे वडील डाळिंबाच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याबरोबर आले होते. मुलगी आत स्लाइड बनवत होती, ते दाराशी उभे. म्हणाले, "मॅडम, तुमी डॉक्टर हाय म्हणत्यात, मग हितं मशिनीवर का बसता?" त्यांच्या आवाजात हिणवणं नव्हतं, काळजी होती. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

आजवर मी एकच उत्तर देत आले: "जागा निघत नाहीत." ते अर्धंच खरं आहे. सहायक प्राध्यापकाच्या जागा दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा मी अर्ज भरला नाही. मला हेच काम करायचं होतं.

हे काम म्हणजे बटण दाबणं नव्हे. कॉन्फोकलखाली ठेवायचा पानाचा काप ब्लेडने काढतानाच निम्मं चित्र ठरून जातं. वरची काच ०.१७ मिलिमीटरचीच लागते, कारण भिंग तेवढ्याच जाडीसाठी घडवलेलं असतं. दुसऱ्या जाडीची काच ठेवली की चित्र धूसर होतं आणि मुलांना वाटतं नमुनाच खराब आहे. लेझर किती, डिटेक्टर किती उघडायचा, पिक्सेल कुठे जळून पांढरा होतो, हे दर नमुन्याला नव्याने ठरवावं लागतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना एसी दहा मिनिटं बंद पडला तरी फोकस सरकत जातो. पडद्यावर दिसतो तो फोटो नसतो, ते माप असतं. ते कशाचं माप आहे हे सांगता आलं नाही, तर बाकी सगळं वाया.

माझे वडील इथेच सोलापुरात, अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला, धागा तुटायला लागला, जकार्डचं (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं) डिझाइन चुकायला लागलं की त्यांना हाक यायची. मशीनवरचा माणूस म्हणजे कमी, असं आमच्या घरात कुणी मानलं नाही. ते मी विद्यापीठात आल्यावर शिकले.

आता ती गोष्ट सांगते, जी मी आजवर टाळत आले.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एक मुलगी तेल्यावर पीएचडी करत होती. डाळिंबावरचा हा जिवाणूजन्य रोग इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जिवाणू पानात नेमके कुठवर पोचतात, हा तिचा प्रश्न. ती जिवाणूंना हिरवा चमकणारा रंग देऊन काप आणायची. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर लावला की हिरव्या चॅनलमध्ये चमक दिसायची, शिरांच्या कडेकडेने, डागाच्या पुष्कळ आतपर्यंत. चित्र सुंदर होतं. ती आनंदाने टाळ्या वाजवायची.

मला पहिल्याच बैठकीत खटकलं. हा जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांबीची काडी आहे. त्या भिंगातून ०.२ मायक्रॉनपर्यंत वेगळं दिसतं, म्हणजे काड्या सुट्या दिसायला हव्यात. इथे काड्या नव्हत्याच. पेशीच्या भिंतीवर हात फिरवल्यासारखी सलग चमक होती. पानाचा जखमी, मेलेला भाग स्वतःच चमकतो. त्या भागात फिनॉलिक द्रव्यं साचतात आणि निळ्या उजेडात ती हिरवट-पिवळी दिसतात, रंग लावा वा न लावा. खात्री करायची तर एकच गोष्ट हवी होती: रोगट पानाचा रंग न लावलेला काप, त्याच सेटिंगवर.

मी तिला म्हटलं, "एक अनस्टेन्ड सेक्शन आणशील का?" तिने गाइड सरांना विचारलं. पुढच्या बुकिंगला येऊन म्हणाली, "सर म्हणाले, आधी फिगर पूर्ण करा." मी फिगर पूर्ण केल्या. नंतर दीड वर्ष ती येत राहिली आणि मी पुन्हा एकदाही विषय काढला नाही.

तिच्या ओपन व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या जाहीर तोंडी परीक्षेला, मी शेवटच्या रांगेत बसले होते. बहिःस्थ परीक्षकांनी सातव्या की आठव्या स्लाइडवर हात वर केला. "याचा अनस्टेन्ड कंट्रोल कुठे आहे?" ती गडबडली. म्हणाली, "इमेजेस सेंट्रल फॅसिलिटीत मॅडमनी घेतल्यात." परीक्षकांनी मागे वळून पाहिलं, सगळ्या हॉलनेच पाहिलं. मी उठणार, तेवढ्यात गाइड सर म्हणाले, "त्या फक्त मशीन ऑपरेट करतात. सायन्स त्यांना विचारू नका."

मी उठले नाही. त्या वाक्याने माझा अपमान झाला आणि त्याच वाक्याने मला वाचवलं. मला उत्तर माहीत होतं, दीड वर्षापासून माहीत होतं, आणि आता ते द्यायची गरजच उरली नव्हती. मी मान खाली घालून हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत राहिले.

त्या रविवारी मी लॅब उघडली, विभागाच्या रोपांवरून डागाळलेलं पान तोडून आणलं, काप काढला, रंग लावला नाही. चाळीस मिनिटं लागली. तीच हिरवी चमक, त्याच शिरांच्या कडेने. सोमवारी ते चित्र तिला दिलं. अख्खं प्रकरण पुन्हा करण्यात तिचे सात महिने गेले.

तुम्ही म्हणाल, चूक गाइडची. हो, आहे. मीही स्वतःला हेच सांगितलं. माझं कंत्राट तेव्हा अकरा महिन्यांचं होतं, आणि ज्या समितीपुढे ते नव्याने व्हायचं तिच्यात तेच गाइड सर बसायचे. मशीनसाठी निधी आला होता, ते चालवणाऱ्या माणसासाठी आला नव्हता. माझं पद ना शिक्षकांच्या बढतीच्या योजनेत बसत होतं, ना नीट तांत्रिक कर्मचाऱ्यांत. पेपरमध्ये माझं नाव नसायचं, शेवटी "सेंट्रल फॅसिलिटीचे आभार" असायचे. ज्याचं नाव कुठेच लागत नाही, त्याने जबाबदारी तरी का घ्यावी? दीड वर्ष मी हा युक्तिवाद मनात घोळवत होते.

पण तो पुरा पडत नाही. पक्की नोकरी असलेलेही गप्प बसतात, आणि कंत्राटावरची काही माणसं बोलतात. मी बोलले नाही, कारण "ऑपरेटर" या शब्दात मला आडोसा सापडला होता. त्या शब्दावर मी चारचौघांत चिडते, आणि तेव्हा मीच त्याच्या मागे लपले होते.

२०१४ मध्ये मी रुजू झाले, त्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपीला, म्हणजे साध्या भिंगाच्या मर्यादेपेक्षा बारीक दाखवणाऱ्या तंत्राला मिळालं, बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना. तेव्हाच्या 'मी'ने वहीत लिहून ठेवलं होतं: दोन वर्षं इथे, मग शिकवायला. तिला वाटत होतं, ही पायरी आहे. आज तिच्याशी भांडावंसं वाटतं. पायरी म्हणून आलीस, म्हणूनच त्या मुलीला "नाही" म्हणाली नाहीस. जिथे थांबायचंच नाही, तिथे वाद कोण घालतं? पण ती मला उलट विचारते, अकरा वर्षं थांबून तुझं पद तरी बदललं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरीकडे कुठे कुठे शिड्या बांधायला सुरुवात झाली आहे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून 'टेक्निशियन कमिटमेंट' आहे. तंत्रज्ञांना ओळख, नाव आणि बढतीची वाट देऊ, असं संस्था सही करून कबूल करतात. अमेरिकेत चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या देणगीदार संस्थेने फॅसिलिटीतल्या इमेजिंग शास्त्रज्ञांच्या पगारासाठीच अनुदानं दिली, प्रोफेसरांसाठी नव्हे. आपल्याकडे आय-स्टेम पोर्टलवर २०२० पासून देशभरातली मशीनं शोधता येतात. मशीनमागच्या माणसाची वाट अजून ज्याने त्याने शोधायची. आम्ही चित्रांवरून मापं काढायला रोज जे इमेजजे हे सॉफ्टवेअर वापरतो, ते वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत नोकरी करता करता लिहिलं, १९९७ मध्ये. जगभरातल्या किती पेपरांतली मापं त्यावर उभी आहेत! मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण "सपोर्ट" म्हणजे विज्ञानाच्या बाहेरचं, असं त्यांच्या डोक्यात पहिल्या वर्षीच बसतं.

"या लाइनला फ्युचर आहे का?" असं तीच मुलं विचारतात. माझ्याबरोबर ट्रेनिंग घेतलेले दोघे मायक्रोस्कोप कंपन्यांत ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट झाले. पगार चांगला, महिन्यातले वीस दिवस प्रवास. एक पुण्याला मोठ्या संस्थेत गेली, तिथे तिच्या पदाला निदान नाव आहे. मलाही बोलावणं आलं होतं. हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन इंटरव्ह्यू देऊन आले, निवडही झाली, आणि गेले नाही. सासऱ्यांचं आजारपण हे कारण सगळ्यांना सांगितलं. तेही होतं. पण इथली डाळिंबं, इथली मुलं आणि हे एकच कॉन्फोकल सोडून गेले, तर अनस्टेन्ड सेक्शन मागणारं इथे कोण उरेल, हेही होतं. यात माझा अहंकार किती आणि माया किती, ते मला वेगळं करता येत नाही.

आता बुकिंगच्या फॉर्मवर मी एक ओळ घातली आहे: कंट्रोल (तुलनेसाठीचा रंग न लावलेला नमुना) नसेल तर स्लॉट मिळणार नाही. त्यावरून माझ्याविरुद्ध दोन तक्रारी झाल्या आहेत. सांगोल्याच्या त्या मुलीलाही त्या दिवशी परत पाठवलं. वडील फांद्या फडक्यात पुन्हा गुंडाळत होते, मी त्यांना सांगितलं, "काका, पुढच्या वेळी चार पानं जास्तीची आणा."

आणि जिचे सात महिने गेले, ती आता चांगल्या ठिकाणी आहे, दिवाळीला फोन करते. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. आज तिच्याआधी तुम्हाला सांगितलं.