आमची वाटचाल : ईसीएम न बदलणारं दुकान

सोलापुरात गाडी रुसली की पहिलं निदान पानटपरीवर होतं, दुसरं गॅरेजात, आणि दोन्हीकडे उत्तर एकच : ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. विजापूर रोडवर आम्ही २००६ पासून इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चावी नसली तर इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, कामं करतोय. खरोखर गेलेले ईसीएमही पाहिले, नाही असं नाही. पण 'गेलाय' म्हणून टो होऊन आलेल्या बहुतेक गाड्यांत तो बिचारा धडधाकट होता. कुठे चावीच्या कुलपाभोवतीची कॉइल (तारेचं वेटोळं) तुटलेली, कुठे कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पिनांवर हिरवट गंज, कुठे सीएनजी किटवाल्यानं वायर सोलून नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली, आणि कुठे काहीच नाही, बॅटरी उतरलेली.

दुकान सुरू झालं ते चाचांच्या भागीदारीत. मी तेव्हा एका गॅरेजात वायरमन होतो. चाचा विजापूर वेशीजवळ चाव्या घासायला बसायचे. एक छोटा वाइस, दोन-तीन कानशी आणि ब्लँकनी (न घासलेल्या चाव्यांनी) भरलेला पत्र्याचा डबा, एवढाच संसार. मूळ चावी हरवलेली असली तरी कोरी ब्लँक कुलपात घालून हलवायचे, तिच्यावर उमटलेले ओरखडे उन्हात तिरके धरून बघायचे आणि तिथंच कानस चालवायचे. मशीनवर कापलेली चावी अडकली की लोक शेवटी त्यांच्याकडेच यायचे. मग चिपच्या चाव्या आल्या. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला होता. आपल्याकडे मारुतीनं आयकॅट्स नावानं तो छोट्या गाड्यांतही आणला, आणि चाचांची पंचाईत झाली. चावी लागायची, कुलूप फिरायचं, सेल्फ मारला की इंजिन उचलायचं आणि दोन सेकंदांत बंद. गिऱ्हाईक म्हणायचं, चावी नीट घासली नाही. एकदा चाचा अशीच गाडी ढकलत माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "लोहे का काम मेरा हो गया, अब अंदर का तू देख." भागीदारीचा करार म्हणाल तर तो एवढाच.

आतलं काम असं : चावीच्या डोक्यात चिप असते, काचेच्या नळीत नाहीतर काळ्या ठोकळ्यात. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवतीची कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झवर तिला वीज पुरवते आणि तिचं उत्तर ऐकते. कॉइलकडून ते इमोबिलायझरच्या युनिटकडे, युनिटकडून के-लाइन किंवा कॅन या निरोपाच्या वायरींवरून ईसीएमकडे. उत्तर जुळलं नाही की ईसीएम इंजेक्टर बंद करतो. रिमोटचं बटण वेगळं, ते ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं आणि सेल त्याचाच. तरी रोज कुणीतरी "सेल बदलला तरी गाडी सुरू होईना" म्हणत येतंच. दरवाजा उघडतोय म्हणजे चावी चांगली, हाही तसाच गैरसमज.

गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर लावला की पी ०५१३ हा कोड येतो, म्हणजे चावी चुकीची. नवशिका इथंच थांबतो आणि चावी बदलतो. स्कॅनरला एवढंच कळतं की बरोबर उत्तर पोचलं नाही. ते कुठं अडलं हे मीटरनंच शोधावं लागतं. आमच्याकडे आधी बॅटरी, सेल्फ मारताना किती व्होल्ट उरतात ते. मग युनिटचा फ्यूज आणि अर्थिंग. मग दुसरी चावी. मग कॉइल. स्कॅनर त्यानंतर. पोरांना हा क्रम पाठ करून घेतो आणि कुणी उलटा चालला की ओरडतो.

अण्णांचं सांगतो. अण्णांच्या टुरिस्ट गाड्या, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा फेऱ्या. त्यांची एक गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची आणि दुपारी अक्कलकोटला भाविक दर्शन घेऊन आले की अडून बसायची. संध्याकाळी पुन्हा ठणठणीत. एका मोठ्या वर्कशॉपनं ईसीएम आणि चाव्यांचा पूर्ण संच असं कोटेशन दिलं होतं. अण्णा तो कागद घेऊन आले आणि टेबलावर आपटला. "काय बे हे? एवढ्यात माझी जुनी गाडी येते."

सकाळी कॉइल मोजली तर बरोबर. युनिट बरोबर, वायरी बरोबर. मे महिना होता. सोलापूरचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत स्टीअरिंगला हात लावता येत नाही. घरून बायकोचा हेअर ड्रायर मागवला. स्टीअरिंगखालचं कव्हर काढलं, मीटरच्या दोन्ही पिना कॉइलच्या कपलरला लावल्या आणि कुलपाभोवतीच्या त्या काळ्या कड्यावर गरम हवा सोडली. थोड्या वेळानं आकडा थरथरला, आणि मग सर्किट ओपन. ड्रायर बंद केला, पंख्याखाली धरलं, आकडा परत आला. केसासारखी तांब्याची तार सोल्डरच्या टोकाशी तडकलेली. तापली की सुटायची, निवली की टेकायची. कॉइल बदलली. त्या गाडीत कॉइल वेगळी होती, म्हणून चाव्या नव्यानं शिकवायचीही, म्हणजे गाडीत नोंदवायचीही, गरज पडली नाही. (काही गाड्यांत कॉइल आणि युनिट एकाच तुकड्यात येतात, तिथं हा लाड नाही.) अण्णांनी ते कोटेशन आमच्या भिंतीवर चिकटवायला लावलं. वर्कशॉपचं नाव मी पट्टी लावून झाकलं. अण्णा त्यावरही चिडले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्यासमोरच एक एसी केबिनचं दुकान उघडलं. बोर्ड मोठा : 'इमो ऑफ, अर्ध्या तासात'. धंद्यातले समजले असतील. ईसीएममधल्या फाइलमध्ये इमोबिलायझरची विचारणाच बंद करायची. कॉइल तुटो, चिप हरवो, गाडी सुरू. दोष तिथंच राहतो, विचारणारा तेवढा गप्प होतो. लोकांना आवडलं. आमच्याकडे तपासणीचेच तीनशे रुपये. लोक म्हणायचे, बघायचे पण पैसे? आणि रस्ता ओलांडून जायचे. आम्ही दारात बसून ती गर्दी बघायचो. दोन पोरंही तिकडेच गेली. त्यांना शिकवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही.

२०१४ साली चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्याची गाडी होटगी रोडवरच्या मंगल कार्यालयाबाहेरून गेली. गावात बोलणं सुरू झालं, डुप्लिकेट चावी विजापूर रोडच्या त्या दुकानातून निघाली. म्हणजे आमच्या. बोलणं कुठून सुटलं ते मला माहीत आहे, लिहीत नाही. पोलिसांनी बोलावलं. आठवडाभर दुकानात माशा मारत बसलो. बँकेचा हप्ता थकला. चाचा म्हणाले, मी परत वेशीत जाऊन बसतो, माझ्यामुळे तुझं नाव नको जायला. चावीवाला म्हटल्यावर संशय आधी त्याच्यावरच येतो, हे ते आयुष्यभर बघत आलेले.

वाचवलं रजिस्टरनं. आम्ही पहिल्या दिवसापासून आरसी आणि लायसन्सची झेरॉक्स, मालकाची सही आणि स्कॅनरवर त्या गाडीत किती चाव्या नोंदलेल्या दिसतात तो आकडा लिहून ठेवतो. त्या गाडीची नोंद सापडली : 'मालकास इमो ऑफ हवे. नकार दिला. कॉइल बदलण्यास सांगितले. गाडी परत नेली.' खाली मालकाची स्वतःची सही.

गाडी पुढे कर्नाटक हद्दीत सोडून दिलेली मिळाली. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर सोडवल्यावर व्यापारी ती घेऊन आमच्याच दारात आला, आवाज चढलेला. मी काही बोललो नाही. चाचांना म्हटलं, साधी चावी काढा, बिनचिपची. चाचांनी त्याच्यासमोर लोखंडी ब्लँक घासली. व्यापाऱ्याला म्हटलं, तुम्हीच बसा, तुम्हीच फिरवा. त्यानं सेल्फ मारला. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. दोन सेकंद गेले, दोन मिनिटं गेली. चोराला आमची चावी कशाला लागत होती? कुठल्याही वेशीतली चालली असती. मग त्यानं खाली मान घालून सांगितलं, समोर अर्ध्या तासात करून घेतलं होतं. ईसीएमला मूळ फाइल परत घातली, कॉइल बदलली, दोन्ही चाव्या शिकवल्या. पैसे पूर्ण घेतले, एक रुपया कमी केला नाही.

चूक कळली म्हणून बोलणं थांबलं असं नाही. पुढं कितीतरी दिवस लोक लांबूनच विचारायचे, "ते चोरीचं मिटलं का हो?" समोरच्यानं बोर्ड गुपचूप बदलला. आता तिथं 'की प्रोग्रामिंग' आहे आणि रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही. त्या काळात रोज दुपारी चहाला येऊन आमच्या दारात गाडी उभी करणारे एक अण्णाच. काम नसलं तरी बॉनेट उघडून ठेवायचे. दुकान चालू दिसलं पाहिजे, म्हणायचे.

नंतरची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि उठल्यावर सगळ्यांना इमोबिलायझरच गेला असं वाटलं, एवढंच. चाचा आता सकाळीच येतात, नजर कमी झाली आहे. बटण-स्टार्टच्या गाड्यांना हात लावत नाहीत.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दुसरी चावी कपाटात आहे का, ते आज बघा. गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही मागतात. नवं कव्हर टाकायला चावी कुणाच्या हातात दिली तर जुन्यातली चिप नव्यात गेली का ते समोर उभं राहून बघा. दोन गाड्यांच्या चाव्या एका कड्यात अडकवू नका, एकीची चिप दुसरीच्या मधे येते. चावीबरोबर आलेला नंबरचा बिल्ला फेकू नका. चाव्या शिकवायचा पिन कोड माहीत नसेल तर अंदाजानं टाकत बसू नका, युनिट लॉक होतं. आणि फायनान्सवाल्यांचा जीपीएस कुणी, कुठल्या वायरीवर जोडला ते विचारून ठेवा. आमच्याकडे येणारी निम्मी डोकेदुखी त्या टेपखाली असते.

टो करण्याआधी एक फोन करा, अर्ध्या गाड्या फोनवरच सुरू होतात. आणायचीच झाली तर आरसी आणि दोन्ही चाव्या घेऊन या. तपासणीचे आता पाचशे झालेत.