रविवार अख्खा एका पिव्हटमागे

दांडिया बाजारात उकाडा मी म्हणतोय, आणि आमच्या खोलीतला पंखा बंद! वाऱ्याने पार्ट उडाला की बसा फरशी चाचपत. समोरच्या काकांचं एचएमटी जनता मनगटी घड्याळ, त्याच्या बॅलन्स स्टाफचे (मागेपुढे डुलणाऱ्या बॅलन्स चाकाच्या आसाचे) पिव्हट, म्हणजे टोकांच्या बारीक खुंट्या, पार झिजलेले. तयार स्टाफ मिळतो म्हणा, पण मग घरात लेथ कशाला मांडलाय?

स्टीलची बारीक कांडी लालबुंद तापवून तेलात बुडवली. अशी कांडी कडक होते, पण ठिसूळही. म्हणून घासून चकचकीत करायची आणि पुन्हा मंद आचेवर धरायची. आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि साधारण ३०० अंशांना तो सुंदर निळा. तिथेच आच काढायची. रेंगाळलात की निळा फिकटतो, स्टील मऊ पडतं. पुढे ग्रेव्हर, म्हणजे कातायचं टोकदार हत्यार, हातात धरून लेथवर कातणं. पिव्हट जेमतेम ०.१ मिलिमीटर, केसाएवढा. पॉलिशला तर घाई नकोच. हे बॅलन्स चाक तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. खरखरीत पिव्हट किती टिकणार?

बायको म्हणाली, "एवढ्या वेळात नवीन घड्याळ आलं असतं." आलं असतं की! काकांना मात्र हेच हवंय. स्टाफ चाकावर रिव्हेट करायचं, म्हणजे ठोकून पक्का बसवायचं, काम उद्या, ऑफिसातून आल्यावर.