तुम्ही विचारलंत म्हणून: जीमॅटला किती महिने लागले?

जीमॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला, किती महिने लागले, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक माझ्याहून लहान, बहुतेक घाईत, आणि त्यांना 'तीन' हे उत्तर हवं असतं. मी 'वीस' म्हटलं की क्षणभर कुणी काही बोलत नाही. मग येतं, "पण मॅडम, तुमचं तर इंजिनिअरिंग झालंय ना?"

हो, झालंय. त्याचा इथे काय संबंध, हे सांगायला बसले तर चहा गार होतो आणि विचारणारा मोबाइल बघायला लागतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

फेब्रुवारी २०२३ ते ऑक्टोबर २०२४. तीन प्रयत्न. त्यातले चार महिने पुस्तक उघडलंच नाही. ते धरायचे की वजा करायचे, तुम्ही ठरवा. समोर कोण आहे त्यावर माझा आकडा बदलतो, हे कबूल.

पहिले पाच महिने गेले सेंटेन्स करेक्शनमध्ये, म्हणजे इंग्रजी वाक्यं दुरुस्त करण्याच्या प्रश्नांत. व्हर्बल (इंग्रजी) माझं कच्चं, क्वांट (गणित) पक्कं, असं मीच ठरवून टाकलं होतं. परीक्षाच बदलणार असल्याचं तेवढ्यात जाहीर झालं होतं. ७ नोव्हेंबर २०२३ ला नवी आवृत्ती सुरू झाली, ३१ जानेवारी २०२४ ला जुनी बंद. नव्यात सेंटेन्स करेक्शन नाही, निबंध नाही, त्रिकोण-वर्तुळांची भूमिती नाही. शहाण्या माणसाने वही मिटली असती. मी म्हटलं, एवढं घोकलंय तर जुनीच देऊ. दार बंद होता होता जानेवारीत दिली. ६२०.

पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगायचे की परीक्षा बदलली, त्यात माझं नुकसान झालं. खोटं नव्हतं ते. पण बदलाच्या तारखा काही कुणी लपवून ठेवल्या नव्हत्या.

आता जून २०२४. दुसरा प्रयत्न, नवी आवृत्ती. तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं. क्रम आपणच निवडायचा. मी क्वांट आधी घेतलं, कारण ते 'आपलं'. २१ प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटांना जरा कमीच. कॅल्क्युलेटर नाही. लॅमिनेट केलेली पानं आणि मार्कर.

दहाव्या प्रश्नापर्यंत गाडी रुळावर होती. अकरावा आला तेव्हा घड्याळात २२ मिनिटं उरली होती. प्रश्न सांगणार नाही, गुप्ततेच्या अटी मान्य करून बसलेय. प्रकार सांगते: भागाकार आणि बाकी. शाळेत असं गणित फळ्यावर सोडवायला मी हात वर करायचे, तसलं. पहिल्या मिनिटात वाटलं, आलंच. दुसऱ्यात पुन्हा वाटलं. तिसऱ्यात कळलं की मांडणी चुकलीय. तेव्हा काय करायचं हे मला तोंडपाठ होतं. कुठलाही एक पर्याय टिचकवायचा, बुकमार्क करायचं, पुढे सरकायचं. वेळ उरला तर परत यायचं, कारण विभागाच्या शेवटी तीन उत्तरं बदलता येतात. हे मी इतरांना समजावून सांगितलेलं आहे हो! तरी हलले नाही. ऑफिसात निघताना कुणीतरी म्हणालं होतं, "तुला काय, गणित म्हणजे हातचा मळ." ते वाक्य त्या खुर्चीत माझ्याबरोबर बसलं होतं. मार्करची शाई फिकी पडत चालली होती, आणि मी ७ च्या पटी एकाखाली एक लिहीत होते, चौथीच्या मुलीसारखी.

उत्तर आलं. आनंदही झाला, आणि तो खरा होता. वर पाहिलं तर १३ मिनिटं उरलेली आणि दहा प्रश्न बाकी.

पुढचे सहा कसेबसे केले. उरलेल्या मिनिटात तीन प्रश्न न वाचता तिसऱ्या पर्यायावर टिचकी. एकविसावा उघडला आणि वेळ संपली. प्रश्न कोरा राहिला की त्याचे गुण कापले जातात, हेही माहीत होतं. पुढचा विभाग डेटा इनसाइट्सचा, म्हणजे तक्ते-आकडे वाचून निष्कर्ष काढण्याचा. तिथे स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. त्यावर मी ९ गुणिले ७ केलं. ६३ आलं. खात्रीसाठी पुन्हा केलं.

५७५.

"१६ दिवसांनी परत देता येते ना? मग लगेच का नाही दिली?" हेही विचारून झालंय. दिली नाही, कारण आधी चुकांची वही उघडली. 'का चुकलं' या रकान्यात पानामागून पान एकच शब्द होता: सिली मिस्टेक. त्यातली एक डेटा सफिशियन्सीची दाखवते (उत्तर काढायचं नसतं, दिलेली विधानं उत्तराला पुरेशी आहेत का ते ठरवायचं असतं), प्रश्न माझ्या शब्दांत. क्ष ही सम संख्या आहे का? विधान १: ३क्ष सम आहे. विधान २: ५क्ष सम आहे. मी लिहिलेलं: पहिलं विधान एकटं पुरेसं. पण क्ष पूर्णांक आहे असं सांगितलंय कुठे? क्ष जर २/३ असेल तर ३क्ष होतात २, सम. आणि क्ष सम सोडा, पूर्णांकही नाही. दुसऱ्या विधानाचंही तेच, २/५ घेऊन बघा. दोन्ही एकत्र घेतली तरच जमतं: ५क्ष मधून ३क्ष वजा केले की २क्ष सम, आणि ३क्ष मधून २क्ष गेले की उरलेला क्षही सम. याला सिली मिस्टेक म्हणत नाहीत. न दिलेलं गृहीत धरलं, हे तिचं नाव. क्वांट पक्कं आहे हेही मी तसंच धरलं होतं. मग पावसाळाभर मी तो रकाना पुन्हा भरत बसले. फार नवं काही शिकले नाही.

ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा बसले. तसाच एक चिवट प्रश्न आला. दीड मिनिटात सोडला, बुकमार्क केला, शेवटी दोन मिनिटं उरली तेव्हा परत जाऊन पाहिला आणि उत्तर तसंच ठेवलं. ६५५. (जुन्या ७०० शी तुलना करून नाक मुरडणाऱ्यांसाठी: नवी मोजपट्टी २०५ ते ८०५ अशी वेगळी आहे, आणि जुन्या ७०० च्या आसपास नवा ६४५ येतो.)

इथवर आलं की ऐकणारे खूश होतात. गोष्ट जमते: अडलेला प्रश्न सोडायला शिकली आणि जिंकली. मीही ही गोष्ट पुष्कळदा अशीच सांगितलीय. आता विभागवार गुण बघा. जूनमध्ये क्वांट ७७, व्हर्बल ८०, डेटा इनसाइट्स ७९. ऑक्टोबरमध्ये क्वांट ७९, व्हर्बल ८६, डेटा इनसाइट्स ८२. ज्या नऊ मिनिटांनी घात केला असं मी सांगत फिरते, ती सुधारून क्वांटमध्ये मिळाले दोन गुण. सहा वाढले व्हर्बलमध्ये, ज्याला जून ते ऑक्टोबरच्या चार महिन्यांत मी जेमतेम हात लावला होता. का वाढले? ते वाया गेलेले पाच महिने कुठेतरी मुरले होते? त्या दिवशी झोप बरी झाली होती? की क्वांटचं ओझं नव्हतं म्हणून वाचताना डोकं शांत होतं? शेवटचं कारण मला आवडतं, म्हणूनच त्याचा संशय येतो.

तेव्हाची मी भेटले तर तिला काय सांगू? "अकरावा प्रश्न सोड" म्हटलं तर ती म्हणेल, दोन गुणांसाठी? आणि माझ्याकडे उत्तर नाही. "सेंटेन्स करेक्शन सोड" म्हणावं, तर मग ते ८६ आले कुठून? तिला मी मूर्ख म्हणत आले, आणि आता एकेक पुरावा तिच्या बाजूने निघतोय. तरी ती नऊ मिनिटं मला माफ करता येत नाहीत. गुण गेले म्हणून नाही. माहीत असून बसले म्हणून.

तर, किती महिने? मला खरंच सांगता येत नाही, आणि हे मी टाळायला म्हणत नाहीये. तुमच्याच आकड्यात हवं असेल तर चार लिहा. किंवा वीस.

वही हवी असेल तर घेऊन जा, सेंटेन्स करेक्शनची पानं फाडलेली नाहीत. आणि "अर्ज कधी करणार?" हे जे आत्ता ओठांवर आलंय ना, ते राहू द्या. स्कोअर पाच वर्षं चालतो.