भांग सरळ, धंदा वाकडातिकडा : आमची वाटचाल

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या बोळात आमचं सलून आहे. तीन खुर्च्या, दोन पंखे, एसी नाही.

वडील औसा तालुक्यातल्या आमच्या गावात बलुत्यावर हजामती करायचे. सुगी झाली की घरोघरची जवारी यायची, तोच पगार. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर ती सगळी घडी विस्कटली. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, बलुतं कोण देणार? मग मी आणि दाजी लातूरला आलो. खुर्च्यांचे पैसे दाजींनी घातले. माझ्याकडं होती वडिलांची धोकटी : वस्तरा, तो लावायचा चामड्याचा पट्टा, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, शिंगाची फणी आणि एक कैची. फणीचा एक दात तुटला होता, आता तीन तुटलेत. वस्तरा कपाटात ठेवलाय, कारण नव्वदच्या दशकात एड्सचं समजल्यावर आम्ही दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड सुरू केलं. कैची मात्र आजही माझ्याच हातात असते. तिला धार लावणारा ठरलेला आहे, दुसऱ्याला मी हातसुद्धा लावू देत नाही.

पुढची वीस-बावीस वर्षं धंदा चालला, एवढंच. दाजी मधेच शेतीकडं परत गेले, हिशोब रुपयाला रुपया चुकता करून. नात्यात भागीदारी करत असाल तर वही पहिल्या दिवसापासून ठेवा. बहिणीच्या नवऱ्याकडं नंतर हिशोब मागायचा म्हटलं की जीभ रेटत नाही.

आमचं नाव झालं ते भांगासाठी, आणि त्याचं श्रेय मोंढ्यातल्या एका अडत दुकानाच्या मुनीमजींना. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि डाव्या बाजूला आखल्यासारखा भांग. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय हो मालक, भांग कुठून काढायचा ते तुम्ही ठरवणार का मी?" मी म्हणालो, "दोघंबी नाही. भोवरा ठरवतो." तेव्हापासून ते दुसरीकडं गेले नाहीत.

केस ओलसर करायचे, निथळते नकोत. फणीनं सगळे मागं घ्यायचे, मग भोवऱ्यावर तळवा ठेवून हलकेच पुढं ढकलायचे. केस आपसूक जिथं फुटतात तिथं त्या डोक्याचा भांग असतो. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून बहुतेकांना डावा भांग बसतो. रेघ भुवईच्या कमानीच्या वरून सुरू करायची आणि भोवऱ्याच्या अलीकडं थांबवायची. भोवऱ्यात शिरलात की मागं शेंडी उभी राहिलीच म्हणून समजा. भांगाच्या कडेला थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची, कैची चालवायची नाही. तिथले आखूड केस चार दिवसांत उभे राहतात आणि रेघ पुसट होते. वर अडीच-तीन इंच ठेवा, कडेला फणीवर कैची चालवून खाली उतरत न्या. वरच्या लांब आणि कडेच्या आखूड केसांतल्या फरकानंच भांग उठून दिसतो.

आता 2016 चं सांगतो. मांजरा धरण आटलं होतं, नळाला पाणी नव्हतं, टाक्यांपाशी गर्दी करायला बंदी होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा देशभर लातूरचं नाव झालं. पण बोळातल्या दुकानापर्यंत त्यातलं किती पोचणार? बाहेरच्यांना वाटतं, कटिंगला पाणी लागतं किती, एक फवारा. खरं पाणी जातं नॅपकिन धुवायला. बोअरचं पाणी मिळालं तर ते इतकं जड की साबणाला फेस येईना, नॅपकिन वाळून पापडासारखे कडक व्हायचे. मी दारावर पाटी लावली : "केस घरून ओले करून यावे." लोक हसले आणि निम्मे यायचेच बंद झाले. दोन महिन्यांचं भाडं थकलं. मुनीमजी मात्र दर रविवारी पाण्याची बाटली काखेत मारून यायचे. त्यातलं वापरून उरलेलं आमच्या फवाऱ्यात ओतायचे आणि म्हणायचे, "पुढच्या गिऱ्हाइकाला राहू द्या."

त्याच उन्हाळ्यात समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये एक मोठं चकाचक सलून उघडलं. एसी, स्वतःचा टँकर, काचेवर पोरांचे फोटो. नाव घेत नाही, लातूरकरांना माहीत आहे. त्यांनी माझ्या हाताखालचा पोरगा फोडला. रेणापूरकडचा होता. फुग्याला साबण लावून, फुगा न फोडता वस्तरा कसा फिरवायचा, ते त्याला मी शिकवलं. पगारात दोन हजार जास्त मिळतात म्हटल्यावर एका सोमवारच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. सांगून गेला असता तर मीच शुभेच्छांचा नारळ दिला असता. ते मला अजून लागतं.

त्या दुकानानं "हार्ड पार्ट" आणला. म्हणजे भांगाच्या जागी ट्रिमरनं दोन-तीन मिलिमीटरची रेघ कोरायची. ट्यूशनची पोरं वेडी झाली. वाईट नाही तो प्रकार, मीही करतो. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आठवड्यात रेघेत खुंट दिसतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी रेघ साफ करावी लागते, आणि दर वेळी हात जरा सरकला की रेघ रुंद होत जाते. तिथं भोवरा न बघता, फोटो बघून रेघ मारायचे. केस एका बाजूला पडतायत, रेघ दुसरीकडं, आणि पोरगं दोन भांग घेऊन माझ्या दारात उभं. एकाची आई रडकुंडीला आली होती, घरात लग्न होतं. मी त्याचा खरा भांग शोधला, वरचे केस कोरलेल्या रेघेवरून आणले, ड्रायर आधी उलट्या दिशेनं आणि मग भांगाच्या दिशेनं फिरवला, रेघ झाकली. कोरलेली रेघ भरून वरच्या केसांत मिसळायला सहा महिने तरी जातात, हे आधी सांगायचं काम कुणाचं होतं?

ज्यांना हार्ड पार्ट हवाच आहे त्यांनी कपाळाशी केस विरळ असतील तर तो नाद सोडावा. बाकीच्यांनी घरी स्वतः ट्रिमर लावू नये. रोज ओलसर केसांत शेपटीच्या, म्हणजे टोकदार दांडीच्या फणीनं भांग पाडावा, चिमूटभर जेल पुरे. खोबरेल थापलंत तर दुपारपर्यंत भांगात धूळ बसते. तीन-चार आठवड्यांनी कडा उतरवून घ्याव्यात.

2020 ला कोरोनात दुकानाला कुलूप लागलं. 28 जूनला परवानगी मिळाली ती फक्त कटिंगची, दाढीची नाही. पण 2016 सोसलेल्याला त्याचं एवढं काही वाटलं नाही.

समोरचं दुकान आता बंद आहे, तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. पोरग्यानं औसा रोडला स्वतःचं सलून टाकलंय. बोर्डावर लिहिलंय "भांग स्पेशालिस्ट". काम चांगलं करतो असं मुनीमजींचा नातू सांगतो. करणारच, शिकवलंय कुणी? फक्त कडेला मशीन जरा वर नेतो. भेटला तर सांगेन.